हाताचा वारा

“बाहुली जिथं बसलीय तिथलंच सांगते, शर्वरी. बाई कुठं बसलीय ते तुझ्या नकाशात कुठं दिसतं?”

प्रमिलाआत्यांनी हे विचारलं तेव्हा शर्वरी एका हाताने जुईला वरणभात भरवत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरचा अकोल्याचा नकाशा मोठा करून त्यांना दाखवत होती. नकाशावर शेकडो ठिपके होते. काही हिरवे, काही पिवळे, थोडे लाल. एकेक ठिपका म्हणजे एकेक घर, आणि एकेका घरात एकेक बाहुली.

प्रमिलाआत्या शर्वरीच्या नवऱ्याच्या, तुषारच्या आत्या. सगळी नोकरी त्यांनी अंगणवाड्यांवर देखरेख करण्यात घालवली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नकाशाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नटव्या मुलाकडे पाहावं.

“आमच्याकडं पोरांच्या वाढीचा तक्ता असायचा. त्यात पण हेच रंग. पोर लाल पट्टीत गेलं की काही आया त्याला वजनाला आणायच्याच बंद व्हायच्या. एकीनं तर शेजारणीचं गुटगुटीत पोर काट्यावर बसवलं होतं. तक्ता हिरवा, अन् हिचं पोर घरात पडलेलं.”

“आत्या, हे यंत्र आहे. यंत्राला कशाची लाज?”

“यंत्राला नाही गं. ज्यांच्या घरात ठेवलंय त्यांना.”

तेवढ्यात जुईने घास थुंकला, शर्वरी फडकं आणायला उठली आणि विषय तिथेच राहिला. भांडी विसळताना ती मनात म्हणाली, आत्यांचा काळ वेगळा होता. तेव्हा आकडे माणसं लिहीत. आता मध्ये माणूसच नाही.

*

बाहुली म्हणजे वीतभर उंचीचं, पुतळीसारखं एक उपकरण. ते तयार करणाऱ्यांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण अकोल्यात पहिल्या खेपेची खोकी उघडली ती भुलाबाईच्या दिवसांत, घरोघरी तिची मातीची मूर्ती मांडून मुली गाणी म्हणतात तेव्हा. बायांनी ती पुतळी कोनाड्यात भुलाबाईशेजारी मांडली आणि तिची बाहुली झाली.

तिच्या अंगावर समुद्री शेवाळापासून बनवलेली मऊ कातडी होती आणि कातडीला माणसासारखी बारीक छिद्रं. पाठीतल्या कुपीत पाणी भरलं की त्या छिद्रांतून तिला घाम सुटे. पोटात एक तार होती. ती तार बाहुलीचं अंग माणसाच्या अंगाइतकं ऊबदार राखायची. बस, एवढंच तिचं काम. ऊबदार राहायचं आणि घाम गाळायचा. घाम वाळला की अंग गार पडतं, ते पुन्हा ऊबदार करायला तारेला वीज लागते. घाम वाळलाच नाही तर अंग गार पडत नाही आणि तारेला वीजही लागत नाही. म्हणजे तारेने किती वीज खाल्ली यावरून कळायचं, की या जागी बसलेल्या माणसाचं अंग किती उष्णता बाहेर टाकू शकतं. आकडा शून्याकडे सरकला, की ठिपका लाल, आणि तिथे धडधाकट माणूस नुसता बसून राहिला तरी आतल्या आत तापत जाणार.

“घाम येणं म्हणजे गार होणं नाही,” शर्वरी प्रत्येक नव्या घरी समजावायची. “घाम वाळणं म्हणजे गार होणं. टपटप खाली गळला तो घाम फुकट गेला.”

अकोल्याला उन्हाची नवलाई नव्हती. पण पूर्वीचं ऊन कोरडं असे, घाम अंगावर दिसायच्या आत उडून जाई. गेल्या काही वर्षांत मृगाच्या आधीचे दिवस बदलले. ऊन तसंच, वर हवेत दमटपणा. दारंखिडक्या लावून कूलर चालवला तर तो तीच ओली हवा पुन्हापुन्हा तोंडावर फेकायचा. शहराबाहेर मोकळ्या मैदानात, सावलीच्या पेटीत टांगलेला तापमापक त्याच्या जागेपुरतं खरंच सांगे. पण पत्र्याखाली काय चाललंय हे त्याला कुठून कळावं? ते कळायला प्रत्येक घरात एक साक्षीदार हवा होता. आणि तो साक्षीदार लोकांनी आपला म्हणून सांभाळायला हवा होता.

हे दुसरं काम शर्वरीचं. एमएस्सी करून ती कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागात लागली ती याच कामावर. बाहुल्या आतल्या बॅटरीवर चालत आणि त्यांना मोबाइलचं नेटवर्क लागत नसे. एकीचा निरोप शेजारच्या घरातली दुसरी झेली आणि पुढे देई. त्यामुळे वीज गेली तरी नकाशा चालू राही, पण एखाद्या घरात कुपी कोरडी पडली की तिथला आकडाच खोटा येई. रोज पाणी भरायची आठवण किती जणींना करणार? मग शर्वरीने शुक्रवारची बैठक काढली. त्या आठवड्यात जिचं घर सगळ्यात हिरवं, तिच्याकडे सगळ्या जमणार. भुलाबाईसारखा झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा, गप्पा, बाहुलीला टाळ्या.

बैठका जोरात चालल्या. इतक्या, की बायांनी बाहुलीला परकर-पोलकी शिवली. एकीने तर नऊवारी नेसवली, वर नथ. छिद्रं बुजून आकडे बिघडले, तेव्हा शर्वरीला मोबाइलवरच्या गटावर कळवावं लागलं की बाहुलीला कृपया काहीही नेसवू नये.

“मंग उघडीच बसवायची का देवापुढं?” मिल लाइनीतल्या अनसूयाकाकूंनी विचारलं होतं. “तुह्या सायन्सले काही लाजलज्जा हाय का नाही?”

*

अनसूयाकाकू डाबेराव मिल लाइनीत एकट्या राहत. बंद पडलेल्या कापड गिरणीमागे पत्र्याच्या घरांची एक सरळ ओळ, ती मिल लाइन. मुलगा सुरतेला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जीभ तिखट, हात मऊ.

जुई दीड वर्षाची झाली आणि शर्वरीला दिवसभर सांभाळणारं माणूस हवं झालं. तुषारची नोकरी धुळ्याकडे पवनचक्क्यांवर, तो पंधरा दिवसांनी येणार. शर्वरी रात्रीतून उठून जुईचा श्वास बघणारी आई. तिने घरं पाहिली ती आधी नकाशावर. सगळ्या मिल लाइनीत एकच ठिपका कायम हिरवा होता.

“काकू, तुमचं घर इतकं गार कसं हो?”

“माह्या हाताले बरकत हाय,” काकू म्हणाल्या आणि जुईला तिच्या कडेवरून अशी उचलून घेतली, की पोर रडायचं विसरली.

जुई तिथे रुळली. काकू तिला ‘ठमाबाई’ म्हणत आणि शर्वरीला ‘मॅडमबाई’. संध्याकाळी न्यायला गेलं की रोज एक तरी टोमणा ठेवलेला असे. “आली व मॅडमबाई. पोट्टी तर तुले ओळखत नाही म्हणते.” शर्वरीला आत कुठेतरी लागायचं आणि बरंही वाटायचं.

कुरकूर फक्त एकीची होती. काकूंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या कुसुम खंडारेची. दोघींचं बोलणं बंद होतं. काकूंच्या कूलरचं पाणी कुसुमच्या ओट्यावर ठिबकतं यावरून सुरू झालेलं भांडण आता कशावर चाललंय हे दोघींनाही सांगता आलं नसतं. कुसुम गटावर लिहायची, “माझा पत्रा तोच, तिचा पत्रा तोच. मग माझी बाहुली लाल अन् तिची हिरवी कशी? मॅडमनी खुलासा करावा.”

मॅडमनी खुलासा केला नाही. मॅडमनी हात जोडल्याचं एक चित्र टाकलं आणि मनात म्हटलं, हेवा.

*

मृगाच्या तोंडावर एका दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली.

शर्वरी विभागातल्या खोलीत होती. कॉलेजचं जनरेटर सुरू झालं, पडदा उजळला आणि तिने सवयीने आधी मिल लाइन उघडली. लाल, लाल, लाल. लाल ठिपक्यांच्या त्या माळेत एकच हिरवा मणी. काकूंचं घर. तिने सुस्कारा सोडला. मग त्या सुस्काऱ्याची तिची तिलाच लाज वाटली, कारण बाकीच्या लाल ठिपक्यांतही माणसं होती. तिने गटावर नेहमीची सूचना टाकली. दारंखिडक्या उघडा, अंगावर ओलं फडकं घ्या, पाणी प्या. आणि काकूंना फोन लावला.

“हॅलो.”

“काकू, वीज गेली ना? जुई कशी आहे?”

“बरी हाय.”

“झोपली का?”

“झोपली.”

“आणि तुम्ही?”

“बरी हाय.”

इथे एक टोमणा यायला हवा होता. फोन ठेव, पोट्टीले उठवशीन. नाहीतर, तुह्या कॉलेजात काही कामधंदा नाही का? काहीच आलं नाही. फक्त श्वास ऐकू आला, तोंडाने घेतलेला.

“काकू, पाणी प्यायलात का?”

“हो ताई.”

फोन बंद झाला.

ताई? काकूंनी तिला कधीच ताई म्हटलं नव्हतं. ताई त्या अनोळखी बाईला म्हणत, नाहीतर दवाखान्यातल्या नर्सला.

आईपणाने शर्वरीला एक सवय लावली होती. बारीकसारीक गोष्ट टोचली की ती उपटून बघायची. जग त्याला काळजीखोरपणा म्हणे. तिने ठिपक्यावर बोट ठेवून आतली रेघ उघडली. ठिपका फक्त रंग सांगायचा, रेघ दर क्षणाची हकिगत सांगायची. एवढ्या महिन्यांत तिने ती हिरव्या घरांची कधी उघडली नव्हती. जे हिरवं आहे त्यात बघायचं काय?

कूलर चालू असलेल्या घराची रेघ सपाट असते. उघड्या खिडकीची रेघ वेडीवाकडी, वाऱ्याच्या लहरीवर. ही रेघ दोन्हीसारखी नव्हती. हिच्यात लाटा होत्या. वर, खाली, वर, खाली, सारख्या अंतराने, शिवणाच्या टाक्यांसारख्या. मग एक सपाट तुकडा. पुन्हा लाटा, जरा बुटक्या. पुन्हा सपाट तुकडा, आधीपेक्षा लांब.

असं वारं कुठलं यंत्र घालतं?

आणि मग शर्वरीला आठवलं. काकूंच्या दारामागच्या खिळ्याला ताडाच्या पानाचा विंझणा टांगलेला असे. ती रेघ एका हाताची होती. वीज गेल्यापासून कोणीतरी झोपलेल्या पोरीला आणि तिच्या उशाशी बसवलेल्या बाहुलीला वारा घालत होतं. पोर गार, बाहुली गार, नकाशा हिरवा. आणि वारा घालणारा हात सत्तरीच्या बाईचा, तापल्या पत्र्याखालचा, आणि तो दमत चालला होता.

बाहुली जिथं बसलीय तिथलंच सांगते.

तिने पुन्हा काकूंना फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. रेघेतला सपाट तुकडा लांबत होता. मिल लाइन शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिने पर्स उचलली, धावत जिना उतरली आणि उतरता उतरता कुसुम खंडारेला फोन लावला.

“कुसुमताई, जरा पटकन अनसूयाकाकूंकडे जाता का?”

“मी? मी कायले जाऊ? तिची तर हिरवी हाय. मी लाल हाओ, माह्याकडं कोणी येऊन राह्यलं का?”

“कुसुमताई, तुमचं खरं होतं. पत्रा तोच आहे. काकू हातानं वारा घालताहेत, वीज गेल्यापासून. माझी जुई तिथं आहे. आणि काकूंनी मला आत्ता ताई म्हटलं.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुले ताई म्हटलं?” कुसुमचा आवाज बदलला. “बाप्पा! थांब, चाललो मी.”

*

रिक्षा रेल्वे फाटकाशी अडली. मालगाडी होती, कोळशाच्या वाघिणी संपता संपत नव्हत्या. रिक्षावाल्याने गळ्यातला रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि न विचारता अर्धं पाणी तिला देऊ केलं. तिने मान हलवली. तिचे डोळे मोबाइलवर होते.

कुसुम फोन घेत नव्हती. काकू घेत नव्हत्या. मिल लाइनीतलं कोणीच घेत नव्हतं. तिच्याजवळ होती फक्त ती रेघ.

एक लाट आली, अगदी बुटकी. मग दुसरी, जेमतेम. मग रेघ सपाट झाली आणि तशीच राहिली. मग ती हळूहळू खाली घसरू लागली आणि तिच्या डोळ्यांदेखत मिल लाइनीतला तो एकुलता एक हिरवा ठिपका पिवळा झाला. मग लाल.

शर्वरीने रिक्षाची दांडी धरली. आपण ओरडलो की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. डोक्यात जुईचा सकाळचा फ्रॉक आला, त्याचं तुटलेलं बटण आलं, ते लावायचं राहिलं हे आलं. आणि तिला कळलं, की महिनोन्‌महिने ती ज्या हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर निर्धास्त काम करत होती, तो ठिपका म्हणजे एका बाईचा हात होता. वीज असली तर त्या हाताने लेकराकडे वळवलेला कूलर, नसली तर विंझणा. ती बाई स्वतः कुठे बसायची, हे तिने रोज संध्याकाळी दारात उभं राहूनही कधी पाहिलं नव्हतं.

फाटक उघडलं. रिक्षा रुळांवरून उडत निघाली.

तेवढ्यात रेघ हलली.

आधी एक उंच उडी. मग लाटा आल्या, पण या तशा नव्हत्या. एकीवर दुसरी चढलेली, मध्येच तिसरी घुसलेली, लहान, मोठी, कशीही. एका हाताच्या नव्हत्या त्या. दोन नाहीत, चार नाहीत. कितीतरी हात होते.

शर्वरी रिक्षात मोठ्याने रडायला लागली. रिक्षावाला म्हणाला, “काय झालं ताई?” ती म्हणाली, “वारा आला.” त्याने बाहेर पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

*

काकूंची खाट गल्लीतल्या कडुनिंबाखाली आणून ठेवली होती. अंगावर ओली चादर. भोवती अख्खी मिल लाइन, कोणाच्या हातात सूप, कोणाच्या पुठ्ठा, कोणाच्या पदर. कुसुम काकूंच्या काखेत बर्फाच्या पुरचुंड्या ठेवत होती आणि तोंडाने अखंड बोलत होती.

“मोठी आली हिरवी! एक आवाज दिला असता तं काय तुहं तोंड झिजलं असतं का? भिंतीले भिंत हाय आपली! डोळे उघड, अनसूया. उघड म्हणतो ना! भांडाचं हाय मले तुह्याशी अजून.”

जुई एका मुलीच्या कडेवर बसून बर्फाचा तुकडा चोखत होती. डोक्यावरून पाणी ओतलेलं, फ्रॉक चिंब, चेहरा मजेत. शर्वरीने तिला छातीशी धरलं तर तिने बर्फ आईच्या गालाला लावून पाहिला.

काकूंच्या उशीवर, कानाशी, बाहुली ठेवलेली होती.

“ही इथं कशी?”

“आणली मी,” कुसुम मान वर न करता म्हणाली. “तू फोनवर पाहून राह्यली असशीन, हे माहीत होतं मले. फोन घ्यायले हात मोकळा नव्हता. म्हटलं, हिले वारा लागला की तुले समजते.”

रुग्णवाहिका आली. काकूंचा घाम थांबला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अंग तापत राहतं, मग आतलं पाणी संपतं, मग मेंदू गोंधळतो आणि माणूस सगळ्यांना सांगत राहतो की मी बरा आहे. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

*

काकू वाचल्या. उजव्या हाताला थरथर राहिली.

शुद्ध नीट आल्यावर शर्वरी एकटीच भेटायला गेली. काकू छताकडे पाहत होत्या.

“पोट्टी?”

“बरी आहे. आत्यांजवळ आहे. तुमची ठमाबाई घर डोक्यावर घेते.”

काकू हसल्या नाहीत. “आता नको आणू तिले माह्याकडं. झोप लागली का काय झालं, मले समजलं नाही. हात खाली गेला माहा.”

“काकू, कूलर तुम्ही आधी नुसत्या बाहुलीकडे लावायचात, जुई आल्यावर पोरीकडे. बाहुली पण तिथंच. आणि तुम्ही?”

“मी चुलीपाशी. कूलरसमोर गुडघे दुखतात माहे.”

“खरं सांगा.”

काकूंनी अंगावरची चादर सारखी केली. मग मान वळवली.

“एवढ्याशा खोलीत गार जागा एकच हाय. तिथं एक तं लेकरू झोपन, नाही तं म्हातारी. अन् बाहुली लाल झाली असती तं तू पोट्टी ठेवली असती का माह्याकडं? सांग बरं. मॅडमबाई, सांग.”

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

तुषार धुळ्याहून धावत आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्टेशन रोडला एसीचं पाळणाघर आहे, उद्यापासून जुई तिकडे. यात काकूंवर राग नव्हता, भीती होती. शर्वरीलाही ती होती, रात्री जुईच्या अंगाला हात लावून बघताना ती दाटून यायची. प्रमिलाआत्या जुईला सांभाळायला अमरावतीहून आल्या होत्या. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “आता नकाशाचं काय करणार?”

“बंद करावा वाटतो.”

“वेडी आहेस का. वजनकाटा खोटा नव्हता आमचा. आया खोट्या नव्हत्या. लाल आलं की ओरडा बसायचा, ते चुकीचं होतं. तू तर त्याहून पुढं गेलीस. हिरवीला खाऊ देत होतीस.”

शर्वरीला हसू आलं आणि रडूही.

पुढच्या शुक्रवारी तिने सगळ्यांना मिल लाइनीतल्या कडुनिंबाखाली बोलावलं आणि ती रेघ मोठी करून दाखवली. लाटा, सपाट तुकडे, घसरण, आणि मग ते अनेक हात. मग मागून एक बाई म्हणाली, “आमची पण माठाला टेकवून ठेवते मी.” दुसरी म्हणाली, “बिचारीला घाम येतो म्हणून आम्ही खिडकीत बसवतो. सासूबाई आतल्या खोलीत असतात.” मग एकेक जण बोलायला लागली, आणि शर्वरीला दिसलं की लाजेपेक्षा माया जास्त होती. घरात आलेल्या नव्या लेकीला चांगली जागा द्यावी, इतकंच पुष्कळ जणींच्या मनात होतं.

त्या दिवशी रंग काढून टाकले. हिरव्या घराचा मान काढून टाकला. नवी रीत ठरली ती कुसुमच्या तोंडून: आपली बाहुली आपण बसवायची नाही, शेजारणीने बसवायची. रोज दुपारी शेजारच्या घरी जायचं, त्या घरातलं सगळ्यात नाजूक माणूस कुठे बसलंय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि बाहुली त्याच्या मांडीशी ठेवून यायची. काही घरं यातून बाहेर पडली. कोणी रोज घरात डोकावलेलं त्यांना नको होतं, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. जी राहिली त्यांचे आकडे पहिल्या आठवड्यापासून बदलले. आधीच्यापेक्षा वाईट आले, म्हणजेच खरे आले. कुठला पत्रा आधी पांढरा रंगवायचा, कुठल्या खोलीला झरोका पाडायचा, हे त्यातूनच कळलं.

जुई पाळणाघरात गेली नाही. तुषार आठवडाभर नीट बोलला नाही, मग एका शनिवारी स्वतः मिल लाइनीच्या पत्र्यावर चढून चुना फासत होता. खाली दोघींचं भांडण रंगलं होतं.

“इथं कायले ठेवते व बाहुली? मले काय झालं आता?” काकू म्हणत होत्या.

“गप बस. नियम हाय,” कुसुम म्हणत होती. “अन् तो तुहा कूलर अजून ठिबकते माह्या ओट्यावर.”

जुई दोघींच्या मध्ये बसून पुठ्ठ्याने बाहुलीला वारा घालत होती.

*

आता बाहुल्या दुसऱ्या शहरांतही जातात. खोक्यात वापरायची माहिती असते, सुटी कुपी असते आणि एक कागद असतो. तो शर्वरीने लिहिला आहे. त्यात काकूंची हकिगत आहे, काकूंना विचारून लिहिलेली. शेवटी चार ओळी आहेत:

“बाहुली नंतर मांडा. आधी एक माणूस आठवा. तुमच्या शेजारचं, जिन्याखालचं, मागच्या खोलीतलं. जे कधी काही मागत नाही आणि ज्याची तुम्हाला कधी काळजी वाटत नाही, ते. या क्षणी ते कुठल्या जागी बसलंय, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर हा कागद खाली ठेवा आणि त्याच्याकडे जाऊन या. फोन करू नका. फोनवर सगळेच बरे असतात.”